सात वाजताचा फोन : टाळेबंदीतलं एकटेपण आणि एका ख्रिस्ती मंडळीचा अनुभव

हे प्रकरण नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांमधलं आहे. नावं, गल्ली, चर्च, ज्यावरून कुणी ओळखू येईल असं सगळं काढून टाकलं आहे. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी वाचून दाखवलं, त्यांनी हो म्हटलं, मगच हे बाहेर आलं. मी त्या मंडळीची सभासद. समाजकार्याचं शिक्षण झालंय, पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. आणि जिच्याविषयी लिहितेय तिनं मला तिसरीत शिकवलंय. तेव्हा तटस्थपणाचा आव आणायची सोय नाही.

त्यांना मी इथंही ‘बाई’च म्हणणार. सगळं गाव तेच म्हणतं.

पार्श्वभूमी

२०२० साली बाई ६८ वर्षांच्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त. यजमान ७४ वर्षांचे, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं. दोन खोल्या, पुढं तुळशीएवढ्याच जागेत लावलेला मोगरा, मागं मोरी. एकच मुलगा, पुण्याला. सून परिचारिका. एक नातू.

बाई चाळीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवत आल्या. हे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. पण आमच्या उपासनेला आज जो सूर आहे तो ना. वा. टिळकांसारख्यांनी ओवी, अभंग आणि कीर्तनाच्या वळणानं भक्तिगीतं रचली त्यानंतर रुळलेला. आमच्या हातातल्या ‘उपासना संगीत’मध्ये कितीतरी पदं टिळकांची. त्यामुळं आमच्याकडं ऑर्गन नसला तरी चालतं, पेटी नसली की उपासना उघडी पडल्यासारखी वाटते. बाई आल्या, त्यांनी पेटीवरचं लाल कापड काढून घडी घातली, की पोरंटोरं गप्प व्हायची.

२२ मार्चचा जनता कर्फ्यू रविवारीच आला. त्या दिवशी चर्च बंद राहिलं ते ‘एक दिवसाचं’ म्हणून. २५ तारखेपासून टाळेबंदी लागली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार होता. मुलांची मिरवणूक नाही, झावळ्या नाहीत. त्याच रात्री नऊला देशभर दिवे लावायचे होते. बाईंनी दारात एक पणती लावली आणि यजमान म्हणाले, “झावळी नाही तर नाही, दिवा तर लागला.” १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा दिवस, म्हणजे ईस्टर, दोघांनीच घरी केला. यजमानांनी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं, बाईंनी गाणं म्हटलं. पेटी नव्हती. घरातली पेटी दोन वर्षांपूर्वी नातवाला शिकायला म्हणून पुण्याला दिलेली, आणि चर्चची पेटी चर्चमध्ये कुलपात.

उन्हाळा असाच गेला. दोघं होते तोवर ते दिवस सुसह्य होते, असं बाई अजून म्हणतात. सप्टेंबरात महाराष्ट्रात पहिल्या लाटेचा कडेलोट झाला आणि त्याच महिन्यात यजमानांना ताप आला. ऑक्सिमीटर शेजाऱ्यांकडून आणला, आकडा ८८. रुग्णवाहिका आली. ते स्वतः चालत गेले, चप्पल घालून, हातात पिशवी. बाईंचीही तपासणी पॉझिटिव्ह आली, पण त्रास किरकोळ. त्यांना घरीच, दार बंद करून, सतरा दिवस.

नवव्या दिवशी यजमान गेले.

दफनाचा निर्णय

पहिला कठीण निर्णय इथंच आला, आणि तो आम्ही अर्धाच नीट घेतला.

मृतदेहासंबंधी केंद्राची सूचना १५ मार्चलाच निघाली होती. दफन किंवा दहन, दोन्हीला परवानगी होती. पिशवीची चेन चेहऱ्यापुरती उघडून नातेवाइकांना दर्शन देता येत होतं. अंगाला हात लावायचा नाही, अंघोळ घालायची नाही, गर्दी नको. पण हात न लावता होणारे विधी, म्हणजे दुरून शास्त्र वाचणं, प्रार्थना करणं, याला मनाई नव्हती. हे मंडळीत फार थोड्यांना माहीत होतं. बहुतेकांना वाटत होतं, पालिकेची माणसं नेतील आणि पुरतील, विषय संपला.

मग पाळकसाहेबांनी जावं की नाही यावर मंडळीच्या पंचांची फोनवर बैठक. साहेब एकसष्टीचे, साखरेचा आजार जुना. कुणीतरी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं १५२७ सालचं पत्र काढलं, जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला तेव्हाचं. गंमत अशी की दोन्ही बाजूंनी तेच पत्र पुढं केलं. एक म्हणे, ल्यूथर सांगतो पाळकानं लोकांना सोडून जाऊ नये. दुसरा म्हणे, तोच सांगतो की जिथं आपली गरज नाही तिथं उगाच जाऊन रोग पसरवू नये. दोन्ही खरंच त्यात आहे. शेवटी ठरलं ते साध्या कारणानं. मंडळीचे एक वडील (चर्चच्या कारभारातल्या जबाबदार माणसाला आम्ही असं म्हणतो), वयानं पंचेचाळीस, म्हणाले, “साहेबांना राहू द्या, मी जातो.” ते गेले. पुण्याहून मुलगा आला होता, तो पीपीईत. खड्डा जेसीबीनं खणलेला, नेहमीपेक्षा खोल. वाचन आणि प्रार्थना मिळून सहा मिनिटं.

आणि बाई तेव्हा घरात, कडी लावून, पलंगावर बसलेल्या. कुणीही त्यांना फोन लावला नाही. मंडळीच्या त्या वडिलांच्या खिशात फोन होता, तो चालू ठेवून खड्ड्याच्या कडेला धरला असता तर त्या सहा मिनिटांतलं सगळं त्यांना ऐकू गेलं असतं. आमच्या कुणाच्या डोक्यात ते आलं नाही. “नंतर शांतपणे सांगू” असं आम्ही एकमेकांना म्हणत राहिलो.

काय बिघडलं होतं

सतरा दिवस संपले, दारावरचा फलक काढला, आणि दार बंदच राहिलं. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जायचा, ती दुपारपर्यंत तिथंच. मुलाचा फोन उचलायच्या, “बरी आहे” म्हणायच्या, ठेवायच्या. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, हे नंतर कळलं. जेवण एकदाच, तेही चहाबरोबर पाव.

मुलगा महिनाअखेरीस येऊन गेला, त्यानं एक गोष्ट सांगितली. शास्त्र कपाटावर ठेवलं होतं. अगदी वर, सुटकेसच्या मागं, फडक्यात बांधून. ज्या घरात शास्त्र उशाशी असतं तिथं ते कपाटावर गेलं म्हणजे काय, हे आमच्यातल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

कारण पुढं बाईंनीच सांगितलं. मार्चपासून सगळ्यांच्या फोनवर बायबलमधलं स्तोत्र ९१ फिरत होतं. मरीपासून सुटका, तंबूजवळ पीडा फिरकणार नाही, हजार पडले तरी तुला काही होणार नाही. यजमानांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. मरी त्याच दारातून आत आली. तो कागद तसाच होता. त्यात एका नातेवाईक बाईंनी सांत्वनाच्या फोनवर म्हटलं, “विश्वासात कुठं कमी पडलं का ते बघा.”

मी हे लिहिताना अजून चिडते. तेच स्तोत्र मोहाच्या प्रसंगात सैतान येशूला ऐकवतो, मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात आहे. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं म्हणून. म्हणजे या ओळी कुणी, कुणाला, कोणत्या वेळी ऐकवायच्या याला महत्त्व आहे, हे शास्त्रातच आहे. पण हे उत्तर तेव्हा बाईंना दिलं असतं तर ती माझी हुशारी झाली असती, त्यांचा काही उपयोग झाला नसता.

माझी स्वतःची पहिली चूकही नोंदवते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी फोन केला आणि तिसऱ्याच वाक्याला म्हणाले, “बाई, देव तुमच्याबरोबर आहे.” पलीकडून काही आलं नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज.

समोरचे पर्याय

मुलाचं म्हणणं, आईला पुण्याला नेतो. सरळ पर्याय वाटतो. पण सून कोविड वॉर्डात ड्यूटीवर, घरी आल्यावर ती स्वतःच एका खोलीत वेगळी राहायची. आणि बाई म्हणाल्या, “त्यांची माती इथं आहे. अजून मी ती पाहिलीसुद्धा नाही.” यावर मुलगाही गप्प झाला.

दुसरा पर्याय ऑनलाइन उपासनेचा. मंडळी एप्रिलपासून दर रविवारी फोनवरून थेट प्रक्षेपण करत होती. रिकाम्या बाकांसमोर साहेब बोलायचे, एका युवकानं स्टुलावर फोन उभा केलेला. अनेकांना त्याचा आधार होता, ते नाकारत नाही. मुलानं बाईंना स्मार्टफोन पाठवला, शेजारच्या मुलीनं लावून दिला. दोन रविवार पाहिलं. मग म्हणाल्या, “मला साहेब दिसतात. मी कुणाला दिसत नाही.” फोन डब्यात गेला. साधा, बटणांचा फोन परत बाहेर आला. त्या एका वाक्यावर मी बराच विचार केला. आम्ही दर रविवारी किती जणांनी पाहिलं ते मोजत होतो. आकडा वाढत होता. कोण दिसेनासं झालं ते त्या आकड्यात कुठं कळणार?

तिसरा, डॉक्टर. इथं मंडळीत कुजबुज झाली, की प्रार्थनेनं होईल, वेड्यांच्या डॉक्टरकडं कशाला. पाळकसाहेबांनी ती एका वाक्यात संपवली, “साखरेची गोळी मी रोज प्रार्थना करूनच घेतो.” त्या सप्टेंबरात ७ तारखेला केंद्र सरकारची किरण ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली होती. तिचाही विचार झाला, पण अनोळखी माणसाशी बाई बोलणार नाहीत असं वाटलं. नेहमीच्या डॉक्टरांकडून सुरुवात करायची ठरली. (आज असं कुणी समोर असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो जवळ ठेवावा.)

चौथा पर्याय सगळ्यात साधा. रोज, एकाच माणसानं, एकाच वेळी फोन करायचा. वेळ संध्याकाळी सातची, कारण यजमान वर्कशॉपमधून सातला घरी यायचे. निवृत्तीनंतरही त्या दोघांचा चहा सातलाच व्हायचा. दिवसातली सगळ्यात रिकामी वेळ तीच असणार, हा अंदाज मुलाचा. तो बरोबर निघाला.

काहींचं म्हणणं होतं, पाळी लावा, रोज वेगळा माणूस. म्हणजे एकावर भार नको. मी आणि साहेबांनी ते नाकारलं. सात जणांना सात वेळा तेच सांगायला लावणं म्हणजे दुःखाची हजेरी घेणं. पण एकच माणूस ठेवला तर तो आजारी पडला की काय, याचं उत्तर तेव्हा आमच्याकडं नव्हतं.

काय केलं

पहिले पंधरा दिवस देवाचं नाव काढायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. बाईंनी काढलं तर काढू दे. फोन केला की विचारायचं, “बाई, आज काय केलंत?” म्हणजे स्वयंपाकात. पहिल्या दिवशी, “काही नाही.” दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी, “पिठलं.” मग पिठल्यात लसूण किती, यावर पाच मिनिटं. अगदी तिसरीतल्या मुलीला समजावल्यासारखं त्यांनी मला सांगितलं.

सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, “मलाही ने म्हणते मी रोज. ऐकत नाही.” मी घाबरले. पण शिक्षणात एक गोष्ट पक्की झालेली, की हे कानाआड करायचं नाही, सरळ विचारायचं. विचारलं, “बाई, जीव द्यायचा विचार येतो का?” बराच वेळ गेला. मग, “नाही गं. उठायचा विचार येत नाही, एवढंच.” त्याच रात्री मुलाला आणि साहेबांना सांगितलं. बाईंनाही आधी सांगितलं की मी सांगणार आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर पाऊण तास बोलून रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, त्यांच्या सल्ल्यानं पुढं मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आणि झोपेची हलकी गोळी. साहेब आठवड्यातून एकदा फाटकापाशी येऊन उभे राहायचे, मास्क लावून, दहा मिनिटं. आत यायचे नाहीत. “सलाम, बाई.” “सलाम, साहेब.” कित्येकदा एवढंच.

दहाव्या-अकराव्या दिवशी प्रश्न आला. “तू शिकलेली आहेस. शास्त्रात कुणी देवावर रागावलंय का गं?”

मी म्हटलं, पुष्कळ. ईयोब आहे. यिर्मयाची विलापगीतं आहेत. आणि वधस्तंभावर येशू जे ओरडला, मला का सोडलंस, ती स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे. तोही नवीन शब्द शोधत बसला नाही, पाठ असलेलं तेच ओरडला. बाई म्हणाल्या, “ते मला माहीत आहे. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, चाळीस वर्षं वधस्तंभावरच्या सात उद्गारांना पेटी धरलीय मी. पण त्याचा तिसऱ्या दिवशी निकाल लागला. ज्याचा लागला नाही असं काही आहे का?”

मी स्तोत्र ८८ वाचलं. फोनवर, हळू. जीव संकटांनी भरलाय, सोबती दूर केलेस, मी कोंडलाय, बाहेर पडता येत नाही. शेवटच्या ओळीशी आले, तिथं अंधार आहे, आणि मी थांबले.

“पुढं?”

“संपलं, बाई.”

“असंच संपतं?”

“असंच.”

बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. बाई गप्प. मग त्यांनी शिक्षिकेचा प्रश्न विचारला, “वर कुणाचं म्हणून लिहिलंय?” मी पाहिलं. कोरहाच्या मुलांचं, हेमानाचं. म्हणजे मंदिरातल्या गायकांचं.

“म्हणजे हे देवळात म्हणायचे? सगळ्यांसमोर? चालीवर?”

“म्हणायचे.”

“बरं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण या वेळी आपटला नाही. दुसऱ्या दिवशी शास्त्र कपाटावरून खाली आलं होतं. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं, की स्टुलावर चढून काढलं आणि पाठीत लचक भरली.

माझ्या मते प्रकरण इथं फिरलं. आशेची वचनं त्यांच्याकडं सहा महिने रोज येत होती, फोन भरून. त्यांना हवी होती ती देवासमोर काहीही न सावरता बसायची परवानगी, आणि ती त्यांच्याच शास्त्रातून यायला हवी होती. माझ्या समजूतदारपणातून आली असती तर त्यांनी ती घेतली नसती.

पेटी

चर्च बंदच होतं. मंडळीचे तेच वडील पंधरवड्यातून एकदा उघडून झाडून घ्यायचे. पावसाळ्यानंतर त्यांनी पेटीचं लाल कापड उचललं तर खाली झुरळं, भात्याच्या घडीत ओल. ते सरळ साहेबांकडं गेले. पेटी बाईंकडं नेऊन ठेवावी का? हाही निर्णयच होता. मला भीती वाटत होती की फार लवकर होईल. जी वस्तू यजमान दर रविवारी उचलून जागेवर ठेवायचे ती समोर आली तर बाई कोसळतील. साहेब म्हणाले, विचारू. विचारलं तर बाई म्हणाल्या, “चर्चची वस्तू खराब होतेय आणि तुम्ही मला विचारताय?”

ऑक्टोबरअखेरीस पेटी फाटकातून आत गेली. त्या संध्याकाळी सातला मला फोनवर एक सूर ऐकू आला, थांबेचना. पट्टी सोडली तरी सूर चालूच. बाई वैतागलेल्या. असा सूर अडकला की पेटी वाजवता येत नाही, भाता हलवला की तो ओरडतोच. दुरुस्त करणारा येणार नाही, बाजारपेठ अर्धी बंद.

पलंगाखाली यजमानांची हत्यारांची पेटी होती. वर्कशॉपच्या दिवसांतली, पत्र्याची, हिरवा रंग उडालेला. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. बाईंनी फोन स्टुलावर ठेवला, मला म्हणाल्या, “थांब, ठेवू नकोस.” मी ऐकत राहिले. पत्र्याची कडी. आत हत्यारं एकमेकांवर आपटल्याचा आवाज. मग काहीच नाही, बराच वेळ. नंतर त्यांनी सांगितलं, वरच त्यांचं तेलकट फडकं होतं, घडी घातलेलं, आणि त्याला डिझेलचा वास येत होता. त्या फडक्यात तोंड घालून त्या रडल्या. दवाखान्यातून निरोप आल्यापासून पहिल्यांदाच.

मग बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. वरची फळी सोडवली, त्या सुराच्या पट्टीखालची झडप शोधली, पोस्टकार्डाचा कोपरा कापून तिच्याखालून सारला. कसलंतरी भुस्कट निघालं, झुरळाच्या पंखाएवढं. फळी परत बसवली. सूर थांबला.

“लागली का गं नीट? ऐक.” आणि त्यांनी एक पद वाजवलं. गायल्या नाहीत. नुसती पेटी.

नोव्हेंबरपासून सातच्या फोनला आणखी चार जणी जोडल्या. साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉलमध्ये तेवढ्याच मावतात. चौघीही एकट्या राहणाऱ्या. एक पद, एक स्तोत्र, मग ज्याला जे म्हणायचं ते. प्रार्थना झाली तर झाली. चौघींपैकी एकीला ऐकू कमी यायचं, ती नेहमी एक ओळ मागं गायची, आणि फोनच्या लाइनमुळं बाकीच्याही मागंपुढं. संगीत म्हणून ते भयंकर होतं.

परिणाम

१६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. २२ तारखेच्या रविवारी आमचं चर्च भरलं, म्हणजे अंतरावर बसून जेवढं भरायचं तेवढं. बाई आल्या नाहीत आणि पेटी तर त्यांच्याकडं. एका पंचांचं म्हणणं, पेटी परत मागवा, म्हणजे पाठोपाठ त्या येतील. साहेबांनी साफ नाही म्हटलं. तसंही केंद्राच्या जूनमधल्या नियमावलीत गायनवृंदाला मनाई होती, ध्वनिमुद्रित गीतं लावा असं होतं. त्यामुळं विचित्र अवस्था झाली. उघडलेल्या चर्चमध्ये गाणं नव्हतं. फोनवर होतं.

बाई नाताळच्या सकाळी आल्या. शेवटच्या बाकावर बसल्या, दान गोळा व्हायच्या आत उठून गेल्या. कुणी थांबवलं नाही, ही मंडळीची समजूत म्हणायला हवी. ४ एप्रिल २०२१ ला, पुनरुत्थानाच्या पहाटे, मुलाबरोबर दफनभूमीत पहिल्यांदा गेल्या. कबर अजून मातीचीच होती. मोगऱ्याच्या कळ्या रुमालात बांधून नेल्या होत्या. मंडळीचे जे वडील त्या दिवशी दफनाला होते त्यांना त्यांनी तिथं बोलावून घेतलं होतं आणि विचारलं, “काय वाचलंत ते परत वाचा.” त्यांनी वाचलं. सहाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी रात्रीपासून प्रार्थनास्थळं पुन्हा बंद झाली. ती पुढं ऑक्टोबरपर्यंत उघडली नाहीत.

दुसरी लाट आमच्याकडं वाईट गेली. फोनवरच्या चौघींपैकी एक, तीच एक ओळ मागं गाणारी, एप्रिलमध्ये गेली. बाईंचा फोन तीन दिवस बंद. मला वाटलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याच आठवड्यात मी स्वतः तापानं पडले होते, म्हणजे एकच माणूस ठेवल्यावर काय होतं याचं उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी सातला माझा फोन वाजला. “काय केलंस आज?” मी म्हटलं, काही नाही, बाई. “पेज तरी कर,” म्हणाल्या, आणि पेजेत मीठ कधी टाकायचं ते सांगितलं.

त्या उन्हाळ्यात बाई रोज तीन घरी फोन करत होत्या. झोपेची गोळी आणखी वर्षभर चालू राहिली. दाराच्या आतला स्तोत्र ९१ चा कागद त्यांनी काढला नाही. अक्षर त्यांचं आहे, म्हणाल्या. पण ते स्तोत्र त्या अजून वाचत नाहीत, आणि कुणी उपासनेत वाचायला घेतलं तर पेटीवरचं कापड उगाच नीट करत बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

दफनाच्या वेळी फोन चालू ठेवणं, हे पहिलं. त्यानंतर मंडळीत आणखी तीन दफनं तशा परिस्थितीत झाली, तिन्ही वेळा आम्ही ते केलं. एकदा रेंज गेली, तेव्हा नंतर त्याच दिवशी फोन करून सगळं परत वाचून दाखवलं.

रोजच्या फोनला एकच माणूस, हे मी आजही बरोबर मानते, पण त्याच्यामागं दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून माहितीत हवा. बाईंनी मला फोन केला म्हणून आमचं निभावलं. त्यावर योजना आखता येत नाही.

पत्नी किंवा पती दवाखान्यात आणि दुसरं माणूस घरी कोंडलेलं, अशा घरांची यादी आमच्याकडं सप्टेंबरात नव्हती. धान्याच्या किटची यादी होती, अगदी चोख. गोळ्या बंद केल्याचं आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. पहिल्या फोनला ‘देव बरोबर आहे’ म्हणण्याऐवजी ‘गोळी घेतली का’ एवढं विचारलं असतं तरी ते तीन आठवडे वाचले असते.

आणि फिरत्या वचनांचं काय करायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. साहेबांचं म्हणणं, लोक भीतीपोटी पाठवतात, त्यांना दुखवू नये. माझं म्हणणं, मंडळीनं तेव्हाच एकदा उपासनेत स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचायला हवं होतं, शेवटच्या अंधारासकट, वर काही न जोडता.

मी हा मजकूर बाईंना त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं. मुलाचं पुण्याला नेण्याचं तेवढं मऊ करायला सांगितलं, ते केलं. आणखी एक दुरुस्ती झाली. मी अडकलेला सूर धैवत म्हणून लिहिला होता. बाई म्हणाल्या, कोमल निषाद होता, आणि जिला पेटी कळत नाही तिनं सुराचं नाव लिहू नये. म्हणून वर नुसतं ‘एक सूर’ आहे.